त्रैक्य रविवारचा बर्फ

अकोल्याच्या जूनमध्ये बर्फ टिकवणं हेच मुळात श्रद्धेचं काम. पण पाळक शेषराव निवृत्त होईपर्यंत दर त्रैक्य रविवारी चर्चमध्ये बर्फ, पाणी आणि वाफाळती किटली मांडायचे. "पानी एकच, रूपं तीन. तसाच पिता, पुत्र अन् पवित्र आत्मा," एवढं सांगून ते मोकळे आणि मंडळी खूश.

यंदाचा उपदेश त्यांच्या लेकीकडे होता. आकांक्षा धर्मशास्त्र शिकून आली होती आणि बाबांच्या लाडक्या दाखल्यामागचं मत चर्चने तिसऱ्या शतकातच मोडीत काढलंय, हे तिला तिथे कळलं होतं. सांगावं तर चारचौघांत बाबांचा पाणउतारा, न सांगावं तर आपलंच मन खाणार. आठवडाभर तिला जेवण गोड लागलं नाही. त्यात रविवारी बाबा स्वतःच जठारपेठेतून बर्फ घेऊन हजर!

"तुह्यासाठी आणला वं."

तरी ती बोलली. रोममध्ये सबेल्लियस नावाचा एक शिक्षक म्हणायचा, देव एकच, तो फक्त रूपं पालटतो. चर्चने ते नाकारलं. नुसती रूपंच असतील, तर येशू प्रार्थना कोणाला करत होता?

पहिल्या बाकावरून आवाज आला, "म्हंजे माहा बर्फ चुकला काय?"

"हो, बाबा."

सगळ्यांच्या माना शेषरावांकडे वळल्या.

शेषराव उठले. "मलेबी दरसाली हेच वाटे. पण बर्फ वितळाच्या आत उपदेश संपवा लागे नं!"

लोक पोट धरून हसले. हसणं ओसरलं तरी ते उभेच. "मंग पुढं काय झालं?"

बाबांनी तिला असं कधी विचारलं नव्हतं. तिने सांगितलं. चौथ्या शतकात अरियस नावाचा एक धर्मगुरू म्हणाला, पुत्र देवाने निर्माण केलेला आहे. निकेयाला धर्मसभा भरली, भांडभांड भांडली आणि पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असं ठरलं. पवित्र आत्म्याबद्दलचे शब्द जुळायला आणखी पन्नासेक वर्षं लागली.

"येवढा उशीर?" शेषरावांचा आवाज खाली आला. "मंग पोरी, चुकीचं समजून केलेल्या माह्या इतक्या वर्षांच्या प्रार्थना? वाया गेल्या काय?"

तिने हातातला कागद मिटला.

"नाई, बाबा. पहिले ख्रिस्ती लोकबी आधी प्रार्थनाच करत होते. पित्याले, पुत्राच्या नावानं, आत्म्याच्या बळानं. शब्द लय मागून सापडले."

शेषरावांनी डोळे पुसले आणि बाकावर ऐसपैस बसले.

"सांग पुढं," ते म्हणाले. "मी ऐकून राहिलो."