सर्व विद्यार्थ्यांनी

प्लास्टिकच्या आत एक केस अडकलेला आहे. उत्तरपत्रिकेवर ताणून बसवलेलं पारदर्शक प्लास्टिक, आणि त्याच्याखाली, बरोबर नावाच्या चौकटीवर, छोटासा, काळा, वळलेला… नायरी नखानं घासून बघते. जात नाही, आत आहे. छापखान्यातल्या कुणाचा तरी असेल, किंवा –

"सर्व विद्यार्थ्यांनी माझ्याकडे पाहावं," पर्यवेक्षिका मिसेस डाऊड कागदावरून वाचतात.

नायरी पाहते. खोलीत दुसरं कुणी नाही.

"मिस, मी एकटीच आहे."

"दिसतंय गं मला. पण लिहिलंय तसंच वाचायचं असतं. एक वाक्य गाळलं आणि उद्या कुणी तक्रार केली, तर तुझी परीक्षा रद्द आणि मी घरी." त्या पाण्याचा घोट घेतात, आवाज पुन्हा सपाट करतात. "शेजारच्या विद्यार्थ्याकडे पाहू नये. जो मजकूर विद्यार्थी खोडतील तो तपासला जाणार नाही."

शेजारी रिकाम्या खुर्च्या. ही खोली एरवी अडखळत बोलणाऱ्या मुलांना उच्चार शिकवण्याची. भिंतींवर उघड्या तोंडांची चित्रं, जीभ कुठं टेकवायची ते दाखवणारी. सगळ्यांची परीक्षा मागेच शाळेच्या जिममध्ये झाली, तेव्हा नायरीला ताप होता – खरा ताप, थर्मामीटरमध्ये दिसणारा – तरी आई तिच्याकडे अशी बघत राहिली, जणू तो तिनं कुठून तरी मागवून घेतला होता. म्हणून ही उशिराची परीक्षा. अकरावीतच कॉलेजचं गणित, एक ते पाच गुण, आणि हिवाळ्याआधी विद्यापीठांना अर्ज जातील तेव्हा त्यांवर पाचच हवेत, कारण तिच्या मोठ्या भावाला, वाहानला, पाच होते. त्याला सगळ्याच विषयांत पाच होते… शंभरातल्या चौघांना घेणाऱ्या त्या विद्यापीठानं त्याला घेतलं, आणि फेब्रुवारीत तो परत आला, आणि तेव्हापासून स्वयंपाकघरात बसून लवाशच्या पातळ रोटीचे तुकडे करतो, चौकोनी, एकसारखे, आणि खात नाही. आई पाहुण्यांना सांगते, सुट्टीवर आलाय.

सकाळी त्यानंच सोडलं. गाडीच्या काचेवर जॅकरँडाची जांभळी फुलं चिकटली होती. त्यानं वायपर लावले नाहीत.

"घाबरलीस?"

"थोडी."

"नको घाबरू. हात आपोआप चालतो. पाच येतात."

"आणि मग?"

"मग चालतच राहतो, येडे. थांबत नाही, एवढंच."

तो हसला. तीही हसली, कारण तो येडे म्हणाला होता, कितीतरी महिन्यांनी…

"सर्व विद्यार्थ्यांनी सील उघडावं."

पहिलाच प्रश्न टाकीचा. टाकीत पाणी येतंय, खालून गळतंय, दोन्हींचा वेग बदलतोय. नायरी अजून दुसरं वाक्य वाचते आहे आणि हात उत्तराच्या तिसऱ्या ओळीवर पोचलेला आहे. सुबक, घाई नसलेल्या ओळी. सातच्या आकड्याला मध्ये आडवी रेघ – तिच्या सातला रेघ नसते. वाहानच्या असते. त्याच्याच जुन्या वह्यांवरून तर सराव केला वर्षभर, लागली असेल सवय, तेवढंच… हो, तेवढंच. मागच्या खुर्चीवर कुणीतरी पान उलटतं. ती वळत नाही. वळलं तर मिसेस डाऊड लिहून ठेवतील: शेजारच्याकडे पाहिलं.

हात चौथ्या प्रश्नावर आहे. ती त्याला थांब म्हणते. तो ओळ पूर्ण करतो, मग थांबतो.

"मिस, खोडलेलं खरंच कुणी वाचत नाही?"

मिसेस डाऊड कागदावर बोट फिरवतात. "'जो मजकूर विद्यार्थी खोडतील तो तपासला जाणार नाही.' एवढंच लिहिलंय." मग हळूच, त्यांच्या स्वतःच्या आवाजात, "कशाला खोडतेस बाळा? छान चाललं होतं की. तुझ्या भावाच्या वेळी मीच होते जिममध्ये. मान म्हणून वर केली नाही पोरानं."

भिंतीवरची सगळी तोंडं उघडी आहेत.

ती पानं मागे उलटून पहिल्या पानावर तिरकी रेघ मारते – कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, सातांवरून, चौकटीतल्या उत्तरावरून. काहीच होत नाही. पेन तिच्या हातात आहे, हात तिच्या खांद्याला आहे. आता हा प्रश्न पुन्हा सोडवावा लागेल. टाकीत पाणी येतंय, खालून गळतंय, आणि सर्वांत जास्त कधी भरेल ते… मला माहीत नाही. आत्ता होतं. हाताला होतं. मी प्रश्न परत वाचते, पहिल्या शब्दापासून, आणि मला येत नाही. कदाचित पाच येणार नाहीत, चारही नाहीत, संध्याकाळी आई विचारेल आणि तिला काय सांगायचं तेही मला येत नाही. तळहात ओला झालाय, पेन घसरतंय. एवढी भीती… आणि सगळीच्या सगळी माझी.