शालनचा कौल

नाथाजी तात्यानं आपल्या हातानं गुळाचा खडा फोडून शालनच्या तळहातावर ठेवला आणि तिथंच तिच्या मनात पाल चुकचुकली.

तात्या म्हणजे तिचा सख्खा चुलता, घरातला कर्ता माणूस. मळ्यात स्वतःचं गुऱ्हाळ असून घरच्या पोरांनी काकवीत बोट बुडवलं तरी ज्याच्या पोटात दुखायचं, असला हा गडी. त्यानं सोप्यात हाक मारून गूळ द्यावा? "मॅट्रिक झालीस. त्वांड ग्वाड कर," म्हणाला. आता मॅट्रिकचा निकाल लागून चांगला आठवडा उलटला होता. निकालाच्या दिवशी ह्याच तात्यानं पानाची पिंक टाकून म्हटलं होतं, "पास झाली तर झाली. भाकरी थापायला काय कालिज लागतंय व्हय?" कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं तरी कडू ते कडूच. मग हे आठवड्यात गोड कसं झालं?

शालनला सगळ्यांचाच संशय यायचा, हे खरं. देवानं प्रसाद दिला तरी वास घेऊन खाईल, असं काकी तिच्याबद्दल म्हणायची. पण त्या घरात भोळ्या माणसाचा निभावच नव्हता. बाप यशवंता मिलिटरीत, तिकडं पठाणकोटला. वर्षातून एकदा सुट्टीवर यायचा, काळी ट्रंक उघडायचा, सगळ्यांना काही ना काही वाटायचा आणि जाताना "दादा म्हणंल तसं" असं सांगून मोकळा व्हायचा. मग जमीन दादाच्या हातात, किल्ल्या काकीच्या कमरेला आणि शेणघाण शालनच्या आईच्या वाट्याला.

आणि शालनला कॉलेजला जायचं होतं. गावातली एकही पोरगी अजून गेली नव्हती. मास्तर घरी येऊन सांगून गेले होते की एवढे मार्क वाया घालवू नका. तात्यानं त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. घरात तिच्या बाजूनं बोलणारी एकटी आई. "जा, बाय. शीक. माझ्यागत शेण काढत बसू नगंस," असं ती काकीच्या तोंडावर म्हणायची. जगातल्या सगळ्यांवर संशय घेणाऱ्या ह्या पोरीनं ज्याच्यावर कधी संशय घेतला नाही असं माणूस एकच, ते म्हणजे आई.

गूळ खाऊन झाल्यावर तात्यानं पोटातलं बाहेर काढलं. "सांगलीच्या कालिजात घालू तुला. आक्काच्या घरी ऱ्हाशील. घरचं माणूस हाय, घोर न्हाई."

"आन साताऱ्याला का नगं, तात्या? फाट्यावनं सकाळची गाडी हाय. सांजच्याला माघारी येती."

"तरणी पोर रोज यष्टीनं जाणार-येणार? गाव काय म्हणंल?" तात्यानं विषय संपवला.

हाताशी असलेला सातारा सोडून हा माणूस पार सांगली का गाठतोय, ह्याचा शालननं दोन दिवस विचार केला. आक्का म्हणजे तिची आत्या. निकालानंतर तात्या शिल्लक गूळ घेऊन सांगलीच्या पेठेला गेला होता आणि आत्याकडं मुक्काम करून आला होता. आत्याला एकुलता एक पोरगा, कृष्णात. हळदीच्या वखारीत कामाला होता. दोन ठिकाणी पोरी बघून झाल्या, जमलं कुठंच नव्हतं. आणि मामाच्या पोरीवर आत्याच्या पोराचा पहिला हक्क, हे आमच्याकडं शेंबड्या पोराला ठाऊक. एकदा पोरगी वर्षभर आत्याच्या उंबऱ्याआत राहिली की दुसरं स्थळ कोण आणणार? देणं नाही, घेणं नाही, मांडवाचासुद्धा खर्च नाही. वरनं कॉलेज आणि आतनं सोयरीक.

पण हे बोलायचं कुणाजवळ? सांगली नको म्हटलं की तात्या म्हणणार, "मग ऱ्हा घरात." कॉलेजच हातचं जायचं. अडला हरी गाढवाचे पाय धरी, तशी तिची गत झाली.

वर तात्यानं आणखी एक शक्कल काढली. "म्या सांगणारा कोण? उद्या यशवंता मला बोल लावंल. भैरोबाला कौल लावू. देव म्हणंल तसं करू."

"व्हय, देवालाच इचारा," आई लगेच म्हणाली. एरवी तात्यापुढं ती दोनदा विचार करून एकदा बोलायची.

आमच्याकडं विहीर कुठं खणायची, म्हैस घ्यायची का, लेक द्यायची का, सगळं भैरोबाला विचारून होतं. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली कळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. देवाचं काम सरळ आहे. माणसाला त्यात वाकडं करायचंच झालं तर तेही अवघड नाही, जी कळी पाडायची तिला पाणी कमी लावायचं. देवळाच्या पायरीवर सागरगोटे खेळत वाढलेल्या शालनला हे न कळायला काय झालं?

शुक्रवारी तिनं तात्याला अर्जुना गुरवाच्या परड्यातून बाहेर पडताना बघितलं. काखेत रिकामी पाटी होती. सकाळी त्याच पाटीत गुळाची ढेप होती, फडक्याखाली झाकलेली. म्हणजे देवाला प्रश्न रविवारी, पण उत्तर शुक्रवारीच ठरलं. ती घरी येऊन गप्प बसली. उजवा तिला हवाच होता, पण तात्याचा उजवा नको होता.

रविवारी देवळात गाव जमला. पोरीला कॉलेजला धाडायचं का, हा कौल आजवर कुणी लावला नव्हता, त्यामुळं एरवी न येणारेसुद्धा आले. अर्जुनानं देवाला पाणी घातलं, पुसलं, कळ्या लावल्या. शालननं त्याच्या बोटांवरची नजर काढली नाही. पण दोन्हीकडं बोट सारखंच फिरलं. तिला नवल वाटलं.

"देवा भैरवनाथा," अर्जुनानं गाऱ्हाणं घातलं, "ही यशवंताची लेक, शालन. हिला कालिजला धाडावी असं तुझ्या मनात असंल तर उजवा दे, नसंल तर डावा दे." तात्यानं टोपी हातात घेऊन चारचौघांदेखत मान डोलावली.

कळ्या जागच्या हलेनात. तात्याच्या कपाळावर घाम आला. आई खांबाला टेकून डोळे मिटून उभी होती आणि तिचे ओठ हलत होते. माझ्यासाठी नवस बोलतीय, असं शालनला वाटलं. बऱ्याच वेळानं उजवी कळी घसरली आणि देवाच्या पायाशी पडली. लोकांनी चांगभलं केलं. आईनं पदर डोळ्याला लावला. पोरीचं भाग्य उजळलं म्हणून रडली, असं काकीसुद्धा म्हणाली.

दोन दिवसांनी शालन पाण्याला जाताना भामाबाईनं तिला आपल्या अंगणातनं हाक मारली. भामाबाई म्हणजे अर्जुना गुरवाची बायको. तिनं आडोशाला नेऊन पदराखालचं एक पुडकं शालनच्या हातात दिलं.

"आईला दे तुझ्या. गुपचिप दे."

शालननं सोडून बघितलं. डाळिंबी रंगाचा इरकली खण. मामानं दिवाळीला आईला दिलेला, आणि आईनं न शिवता पेटीच्या तळाशी ठेवलेला. "तुझ्या लगनात शिवंन," म्हणायची.

"ह्यो तुमच्याकडं कसा?"

"तिनंच आणून दिलावता, कौलाच्या आदल्या दिशी. पर तिचं काम झालं न्हाई. मग ठिवून कसा घ्यायचा? आमच्या घरात तसलं चालत न्हाई."

"काम झालं न्हाई कसं? उजवाच पडला की."

 भामाबाईनं केरसुणी उचलली आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला लागली.

शालननं खण पुन्हा पुडक्यात गुंडाळला. मग तिनं विचारलं, "आन तात्याचा गूळ?"

"त्यो खाल्ला की. त्येचं काम झालं." भामाबाईनं वर न बघताच सांगितलं. "हेनी दोगांचंबी घेतलं आन पाणी दोनीकडं सारखंच लावलं. देवाला कुठं फशिवता?"

आई गोठ्यात म्हशीची धार काढत होती. शालननं खण तिच्या मांडीवर टाकला.

"भामाबाईनं दिलाय. काम झालं न्हाई म्हणून."

धार थांबली. आई खणाकडं बघत राहिली. खोटं बोलायला तिला भरपूर वेळ होता, पण ती बोलली नाही.

"डावा मागितलास?"

"व्हय."

"तात्यावर संशय घेतला. काकीवर घेतला. देवावरबी घेतला. तुझ्यावर तेवढा घेतला न्हाई, आई." शालनचा आवाज चिरकला. तिला राग आला होता, असा की म्हशीचं दावं तोडावं. "लोकांम्होरं जा म्हणायचं आन माघारी देवाला नगं म्हणायचं. मग तात्यात आन तुझ्यात फरक काय ऱ्हायला?"

"काय न्हाई," आई म्हणाली. म्हशीनं शेपूट मारलं ते तिच्या तोंडावर लागलं, तरी तिनं पुसलं नाही. "जा म्हणत हुते ते खरंच हुतं. जावंस असंच वाटतंय. पर तू गेल्यावर ह्या घरात मला जेवलीस का म्हणून कोण इचारणार, सांग. तुझा बा वर्साकाठी एकदा येतो. जाऊबाई कामापुरती बोलती. म्या काय ह्या म्हशीसंगं बोलत बसू?"

 शालननं हळूच विचारलं, "कृष्णाताचं कळलंवतं तुला?"

"तुझ्या आदी कळलं. पर त्याच्यापायी डावा मागितला, असं तुला खोटं न्हाई सांगायची. माझ्यापायीच मागितला."

ज्याला आपण नको होतो त्यानं देवाला गूळ चारून कॉलेजला धाडलं आणि जिला आपण हव्या होतो तिनं आपल्या लग्नाचा खण देऊन वाट अडवायला बघितली. शालन खाली शेणातच बसली आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. आईनं दुधाचा हात तिच्या पाठीवर ठेवला. कॉलेज सोडते, असं शालन म्हणाली नाही. आईनंही सोड म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोप्यात शेजारचे बाळासो आणि दोघं-तिघं तंबाखू मळत बसले होते. तात्या ऐटीत सांगत होता, सोमवारी पोरीला सांगलीला पोचवतो म्हणून. शालन चहाच्या कपबश्या घेऊन आली आणि तिथंच उभी राहिली.

"तात्या, म्या साताऱ्याच्या कालिजात जाणार. रोज यष्टीनं."

"सांगली ठरलीया."

"कुणी ठरिवली? देवानं कालिज सांगितलं. गाऱ्हाण्यात सांगलीचं नाव न्हवतं. तुमी हुतासा की तितं, मान डोलावलीसा."

बाळासोनं तंबाखू मळायची थांबवली. "आरं, खरंच की. सांगलीचं काय अर्जुना बोलला न्हाई."

"पायजे तर सांगलीचा येगळा कौल लावू," शालन म्हणाली.  "ह्या बारीला मातुर अर्जुनाकाकास्नी कुणीच गूळ द्यायचा न्हाई."

 तात्याच्या हातातली बशी कलंडून चहा धोतरावर सांडला. देवाचा कौल खोटा म्हणावा तर आपलाच गूळ उघडा पडतो, आणि खरा म्हणावा तर सांगली सुटते. चोराच्या हातची लंगोटी म्हणून तरी काहीतरी वाचवावं असं वाटून तो शेवटी म्हणाला, "दिवस मावळायच्या आत घरात दिसली न्हाईस तर बघ मग."

"दिसंन," शालन म्हणाली.

कॉलेज सुरू झालं त्या सकाळी आईनं भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी फडक्यात बांधून दिली. "येतीस न्हवं सांजच्याला?" तिनं विचारलं. शालन हो म्हणाली. उंबऱ्यात पुन्हा विचारलं, वेशीपर्यंत येऊन पुन्हा विचारलं. संशयाचा रोग आता आईला लागला होता, आणि तो आपल्यामुळंच लागला हे शालनला कळत होतं.

संध्याकाळी गाडी फाट्यावर थांबली तेव्हा आई वडाखाली उभी होती. कमरेला विळा, खांद्यावर रिकामं फडकं. घरापासून फाटा अर्ध्या कोसावर.

"हितं कुठं?"

"गवताला आलेवते," आई म्हणाली आणि दुसरीकडं बघायला लागली.

फाट्याला नुसता मुरूम. गवताची काडी म्हणून नव्हती. शालननं एकदा मुरमाकडं बघितलं, एकदा विळ्याकडं बघितलं आणि काहीएक विचारलं नाही.

"जेवलीस का दुपारी?" एवढंच विचारलं.

"न्हाई," आई म्हणाली, आणि दोघी घराकडं चालायला लागल्या.