दिवाणखान्यातली ऊब

माझ्या भावाने सप्टेंबरात आईची चूल उचलून नेली आणि वर तिलाच म्हणाला, "आता तरी सुखाने जग गं."

लिओनेल माझ्याहून सहा वर्षांनी लहान. शिकायला म्हणून खाली दक्षिणेला, पोर्टलंड शहरात गेला आणि तिकडचाच झाला. वर्षातून दोनदा येतो, ईस्टरला आणि हरणाच्या शिकारीच्या आधी, आणि आला की घरात काहीतरी बदलून जातो. मी, कॉरिन, इथेच राहिले, आईपासून दोन गल्ल्यांवर. शाळेच्या स्वयंपाकघरात नोकरी करते. आईची औषधं, डॉक्टर, छपरावरचा बर्फ, सगळं माझ्या गळ्यात. निर्णय तेवढे लिओनेलचे. आईच्या लेखी मुलगा तो मुलगा. चौऱ्याऐंशी वर्षांत तिने स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली होती. "मला या घरातून न्याल ते आडवीच न्या," ती म्हणायची. "त्या वृद्धाश्रमात नका टाकू."

यंदा लिओनेलच्या डोक्यात हीट पंप बसला. माझी त्या यंत्राबद्दल काही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकते. माझ्या घरीही आहे. आत भिंतीवर पांढरी पेटी, बाहेर बर्फाच्या वर उंच घोडीवर पंखा, आणि हाडं गोठवणाऱ्या हवेतूनही तो ऊब ओढून आत आणतो. पहिल्यांदा लावला तेव्हा गावातल्या म्हाताऱ्यांनी माझी खूप टिंगल केली. आता त्यांच्याच घरांबाहेर पंखे फिरताहेत. फक्त त्याची ऊब हवेबरोबर फिरते, दार बंद केलंत की तिथेच थांबते.

बसवायला गिल्डार आला होता. आमच्याच शाळेत शिकलेला, या खोऱ्यातली निम्मी घरं त्यानेच गरम केली आहेत. त्याने टेप काढली आणि सरळ स्वयंपाकघरात गेला.

"आल्व्हिनाकाकू दिवसभर इथेच असतात ना? मग इथेच लावतो."

"छे, छे," लिओनेल म्हणाला. "दिवाणखान्यात लाव. जन्मभर त्या चुलीपाशी राबली बिचारी. आता राणीसारखी सोफ्यावर बसू दे की."

"बरं, दिवाणखान्यात. पण मग दारं उघडी ठेवायची. आणि चूल काढू नकोस बाबा. ऐन कडाक्यात पंपाची दमछाक होते, कधी वीजही जाते. माझ्या घरची मी काढलेली नाही."

"विमावाले कटकट करतात रे."

विमावाल्यांनी चकार शब्द काढला नव्हता. तळ्याकाठी लिओनेलचं शिकारीचं खोपट आहे, तिथे चूल नव्हती, एवढीच काय ती कटकट. बाबांनी लग्नानंतर आणलेली ती लाकडावरची बिडाची चूल त्याने दोन मित्रांच्या मदतीने ट्रकमध्ये चढवली आणि धुराड्याच्या भोकावर पत्रा ठोकला. मी तिथेच भांडले. "कॉरिन, तुला प्रत्येक गोष्टीत खोटच दिसते," तो म्हणाला. आई दारात उभी होती. "जपून रे, पाठ धरेल," एवढंच बोलली.

आमच्याकडे जुन्या घरांत दिवाणखाना नोव्हेंबर लागताच, सर्व संतांच्या सणाला बंद करतात, तो ईस्टरला उघडतात. मधले महिने सगळं घर स्वयंपाकघरात राहतं. तिथेच चूल, तिथेच डुलती खुर्ची, तिथेच शेजारणी येऊन बसणार. मध्ये दिवाणखाना उघडायचा तो पाद्रीबाबा आले तर, नाहीतर घरात कुणी गेलं तर. आमच्या बाबांनाही तिथेच ठेवलं होतं, खिडकीखाली, दफनाआधी तीन दिवस.

तर सर्व संतांचा सण आला आणि आईने दिवाणखान्याचं दार लावून घेतलं. दाराच्या फटीत जुनं पांघरूणही कोंबलं. आत पंप बिचारा इमानेइतबारे कोच आणि बाबांचा फोटो गरम करत राहिला. आई स्वयंपाकघरात दोन स्वेटर, वर कोट घालून, ओव्हन पेटवून त्याचं दार उघडं टाकून त्याच्यासमोर बसायची.

मी रोज संध्याकाळी जायचे, पांघरूण ओढायचे, दार उघडायचे.

"अगं आई, सगळी ऊब आत कोंडलीय."

"असू दे."

"तिकडे जाऊन बस ना मग."

"तिथे बसलं की मीच शवपेटीत निजलेय असं वाटतं गं. आणि शेजारची इर्मा आली तर तिला काय तिकडे बसवू? ती काय पाद्रीबाबा आहे?"

"मग दार तरी उघडं ठेव."

"ठेवते," म्हणायची. मी कोपऱ्यावर वळेपर्यंत दार बंद झालेलं असायचं, मला माहीत होतं. हट्टी आहे माझी आई. पण तिची चूल जागेवर असती तर हा हट्ट कुणाला टोचला नसता.

लिओनेलला फोन केला. म्हटलं, चूल परत आण.

"कशाला? मी इथून फोनवर बघतोय ना. आत्ता सत्तर दाखवतंय!" आमच्याकडचे सत्तर म्हणजे स्वेटर काढून बसावं इतकी ऊब. "माझ्या घरात नाही एवढं आईच्या घरात गरम आहे."

"तुझा फोन दिवाणखाना दाखवतो. आई स्वयंपाकघरात कुडकुडतेय."

"मग तिला सांग ना तिकडे बसायला. एवढं साधं काम आहे."

"तू येऊन सांग."

"रस्ते बघितलेस का? सवय होईल गं तिला. म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो."

जानेवारीत पारा उणे तीसवर जाऊन बसला. पंपाने तरीही आपलं काम केलं, दिवाणखान्यात शेवटपर्यंत ऊब होती. स्वयंपाकघरात मात्र बेसिनखालचा नळाचा पाइप बाहेरच्या भिंतीतून येतो. इतकी वर्षं चुलीच्या धगीने तो तगला होता. तो गोठला आणि फुटला. सकाळी आई घावन घालायला उठली, तर फरशीवर पाणी पसरून गोठून त्याची काच झालेली. पाय घसरला. मी पोचले तेव्हा ती ओव्हनला टेकून बसली होती, मनगट मांडीवर धरून. माझ्याकडे बघून म्हणाली, "फरशी पुसायची राहिली बघ."

मनगट मोडलं होतं. इस्पितळात प्लास्टर घालून तिला ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी लिओनेल येऊन पोचला. या वेळी रस्ते बरे होते वाटतं. सोबत इस्पितळातली समाजसेविका, मिसेस व्हिटन. स्वभावाने चांगली बाई होती. आई एकटी राहू शकते की नाही, हे तिने ठरवायचं होतं. खुर्ची पलंगाजवळ ओढून तिने आईला तारीख विचारली, आठवड्याचा वार विचारला, पोरांची नावं विचारली. आईने सगळं ठणठणीत सांगितलं. वर त्या बाईच्या गळ्यातल्या स्कार्फचा टाका कुठला तेही सांगितलं. मी मनात म्हटलं, सुटलो.

मग ती बाई म्हणाली, "आल्व्हिनाबाई, शेजारच्या खोलीत इतकं छान गरम होतं. तुम्ही दार बंद करून गारठ्यात का बसलात? आणि ओव्हन उघडा ठेवून?"

मी आईकडे बघत होते. सांग, म्हटलं. सांग, माझी चूल नेली म्हणून. सांग, त्या खोलीत आम्ही मेलेली माणसं ठेवतो. एका वाक्याचं काम होतं, आणि एवढी शहाणी बाई ते वाक्य ऐकून नक्की समजली असती.

आईने लिओनेलकडे पाहिलं. तो पलंगाच्या पायाशी उभा होता, मान खाली, टोपी हातात पिळत. त्यालाही उत्तर माहीत होतं.

"विसरले," आई म्हणाली.

"काय विसरलात?"

"पंप लावलाय ते. हल्ली होतं असं. मला वाटलं, तिथे अजून थंडीच आहे."

"खोटं बोलतेय ती!" मी ओरडले. "तिला सगळं कळतं! विचारा याला, चूल कुठे आहे ती विचारा!"

"कॉरिन," आई म्हणाली. लहानपणी चर्चमध्ये चुळबुळ केली की म्हणायची तशी. "दमलीय ती," तिने मिसेस व्हिटनला सांगितलं. "माझ्यामागे फार धावपळ होते तिची."

मिसेस व्हिटनने माझ्या खांद्यावर हात ठेवला. घरच्यांना हे स्वीकारणं जड जातं, म्हणाली. लिओनेलने टोपी डोक्यावर घातली आणि तिच्यामागोमाग बाहेर गेला, वृद्धाश्रमात जागा आहे का बघायला.

आईवर रागावले होते, त्याच्यावर त्याहून जास्त. "का म्हणालीस तसं? तुझं घर गेलं, कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग?"

"त्या परक्या बाईसमोर त्याचा चेहरा बघितलास? केवढासा झाला होता." चांगल्या हाताने तिने चादरीची सुरकुती सारखी केली. "हौसेने लावलं होतं गं त्याने."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं. बोलले असते तर त्या पलंगावरच्या बाईला मी काय काय बोलले असते, देव जाणे.

लिओनेल परत आला. चेहऱ्यावर रंग आला होता. "मिळाली जागा, आई. नदीच्या बाजूची खोली. सोमवारपासून." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "सगळ्यांच्याच दृष्टीने बरं झालं."

"हो रे राजा," आई म्हणाली. "इतक्या लांबून गाडी हाकत आलास. जेवलास का काही?"