डावीकडे बसेल त्यानं उतरायचं

"सावकाश, पोरी. पाय उचलू नकोस, पाय नुसता येऊ दे. गाडीनं नाक जरा वर केलं ना? तिथंच थांब. आता एक, दोन... सोड."

हा माझा बाप बोलत होता. क्लॅरी, वय अठ्ठ्याहत्तर. लोकर कातरायच्या शेडमधून ज्यानं दिलेली शिवी शेजारच्या शेतात ऐकू जायची, तोच. आणि ही 'पोरी' म्हणजे मी नव्हे. माझा भाऊ ड्रू, त्याची बायको मारिका. इस्टरला मेलबर्नहून आमच्याकडे राहायला आली. तिथं आपोआप गिअर बदलणारी गाडी चालवायची. क्लच कशाशी खातात हेही तिला माहीत नव्हतं.

आमची यूट जुनी आहे. पुढे एकच सलग सीट, मागे उघडा हौदा. उजवीकडे मारिका, मधे बाबा, डावीकडे मी. डावीकडे बसेल त्यानं उतरून फाटक उघडायचं, हा आमच्याकडचा नियम, घरोघरी तोच. मागच्या कुरणापर्यंत सहा फाटकं. जाताना सहा, येताना सहा. गाडी शिकणार ती, कौतुक होणार तिचं, आणि बारा वेळा उतरून साखळ्या सोडणार मी. वय वर्षं एक्केचाळीस.

मीही याच गाडीवर शिकले होते. अकरा वर्षांची होते, पाय जेमतेम पोचायचे. तिसऱ्यांदा गाडी बंद पडली, मग गिअर करकरला, आणि बाबानं जी तोंडाची तोफ सोडली ती सोडलीच. शेवटी धाडकन दार आपटून उतरला आणि कुरणातून घरापर्यंत तीन किलोमीटर चालत गेला. एकदाही मागे वळून बघितलं नाही. मी रडत रडत पहिल्या गिअरमध्येच गाडी घरी आणली. सहाही फाटकं मीच उतरून उघडली, मीच लावली.

तेव्हापासून मी चालवत असताना बाबा कधी माझ्या शेजारी बसला नाही. मी ट्रॅक्टर चालवते, धान्याचा ट्रक चालवते, पेरणी-कापणी मीच करते. पण दोघांना एकत्र कुठं जायचं असलं की चाक त्याच्या हातात आणि फाटकं माझ्या. डोळे दाखवायला मिल्ड्युराला गेला तोसुद्धा ड्रूच्या गाडीतून. डॉक्टरांनी सांगितलं की त्याला आता कडेचं दिसतं, समोरचं मधलं दिसत नाही. बाबानं घरी येऊन चहा घेतला आणि जाहीर केलं, "ऑगस्टातल्या शेवटच्या रविवारपासून मी चालवणार नाही. यूट कुणाकडे द्यायची ते त्या दिवशी सांगेन."

सांगायचं काय त्यात? मी होते ना. यूटची किल्ली स्वयंपाकघराच्या दाराशी खिळ्याला लटकलेली असते, आणि ती मी उचलणार हे मी धरूनच चालले होते. दुसऱ्या दिवशी बाबानं ती मारिकाच्या हातात ठेवली. "चल, तुला शिकवतो."

जळफळाट झाला माझा. खोटं कशाला बोलू?

ती त्याला 'क्लॅरी' म्हणायची, आणि तो हसायचा. गाडी बंद पडली की ती म्हणायची, "अरे देवा, क्लॅरी, मेली ही!" आणि तो एक हात स्वतःच्या मांडीवर घट्ट आवळून म्हणायचा, "मेली नाही, झोपली. उठव परत." गिअर करकरला तरी आवाज चढत नव्हता. "ढकलू नकोस त्याला. न्यूट्रलला क्षणभर टेकव, मग पुढे जाऊ दे. वाट त्याला माहीत आहे." मी खिडकीबाहेर बघत बसायचे. माझ्या वेळी ही वाट गिअरला माहीत नव्हती वाटतं.

आमच्याकडे क्लचची परीक्षा कुत्रं घेतं. पेनी हौद्यात चारी पाय रोवून उभी असते. बाबा चालवत असला की तिचा एक पंजा हलत नाही. मारिकाच्या पहिल्या आठवड्यात बिचारी इकडून तिकडे घसरत होती. दुसऱ्या आठवड्यात नुसती नखं वाजली. तिसऱ्या आठवड्यात ती जांभई देत उभी होती, आणि रात्रीच्या जेवणाला बाबा ड्रूला म्हणाला, "तुझ्या बायकोचा पाय लोण्यासारखा आहे." मटणाच्या चॉपवर मी सुरी अशी चालवली की ड्रूनं विचारलं, "ग्लेनिस, ते मेलेलंच आहे ना?"

शुक्रवारी दुपारी शेडमध्ये कुणी नव्हतं. मी यूटचं बॉनेट उघडलं आणि क्लचच्या दांडीवरचा नट दोन आटे फिरवला. फार नाही, दोनच. आता क्लच अगदी तळाशी पकडणार होता. पाय जरा हलला की गाडी उडी मारणार, आणि लोणी कसं लागतं ते बाबाला कळणार. हात पुसताना मला फार बरं वाटत होतं.

शनिवारी, बाबाच्या त्या रविवारच्या आदल्या दिवशी, सकाळी मी गवताचे गठ्ठे हौद्यात रचले. गठ्ठे खाली टाकता यावेत म्हणून मागची फळी काढलेली होती. मी हौद्यात चढणार एवढ्यात बाबा म्हणाला, "आज मी मागे. पेनीला कसं वाटतं ते मला बघू दे."

"बाबा, ते माझं काम आहे."

"तू फाटकं बघ," म्हणाला आणि चढलासुद्धा. गठ्ठ्यांच्या मागे, फळी नसलेल्या टोकाशी उभा राहिला. एक हात खिशात, दुसरा कशालाही न धरता.

मी डावीकडे बसले. मारिकानं क्लच दाबला, गिअर टाकला. करकर झाली.

"हे काय? कालपर्यंत मऊ पडत होता."

"पूर्ण दाब!" मागून बाबा ओरडला. खुशीत होता.

तिनं पाय पार जमिनीला टेकवला. पहिला गिअर पडला. आरशात मला त्याचे बूट दिसत होते. त्यांच्यामागे चार बोटं पत्रा, आणि मग दगडासारखी वाळलेली जमीन. मारिकाचा पाय वर यायला लागला.

"थांब!" मी हात घालून किल्ली फिरवली आणि उपसून घेतली. गाडी जागेवरच गप्प झाली.

"काय झालं?"

"क्लचचा नट मी फिरवलाय. काल. दोन आटे."

मारिका माझ्याकडे वळली. "का?"

"तुझी फजिती व्हावी म्हणून. अजून काय?"

बाबा खाली उतरला. सगळं ऐकलं होतं त्यानं. मला वाटलं, आता तोफ सुटणार. मी दार उघडून उभी राहिले, शिव्या खायच्या तर उभं राहून खाव्यात म्हणून. पण तो नुसता म्हणाला, "पाना आण."

बॉनेट उघडून त्यानं बोटांनी नट चाचपला. पाना लावला, तो निसटला. परत लावला, परत निसटला. तिसऱ्यांदा त्यानं पाना माझ्यापुढे धरला. "दिसत नाही गं मला."

मी नट मागे फिरवला. त्यानं आत बसून पेडल दाबून बघितलं. "अजून पाव आटा. बस."

आणि मग माझं तोंड सुटलं. "मला का नाही असं शिकवलंस? हिला 'सावकाश, पोरी', आणि मला काय? मी अकरा वर्षांची होते. उतरून निघून गेलास तू, बाबा. बघितलंही नाहीस मागे. आणि आता गाडीही हिलाच देणार!"

बाबा चाकावर हात ठेवून बसला होता.

"गाडी तुझीच आहे," तो म्हणाला. "दुसऱ्या कुणाची असणार?"

"मग हे तीन आठवडे काय चाललं होतं?"

"असा उतरून गेलेला माणूस परत कुठल्या तोंडानं चढणार शेजारी? तीस वर्षं लाज वाटली मला. आता डोळेच गेले. उद्यापासून तुझ्या डावीकडे बसायचंय, ग्लेनिस, आणि माझं तोंड मला माहीत आहे. पहिल्याच गचक्याला सुटलं असतं." त्यानं मारिकाकडे मान वळवली. "म्हणून आधी हिच्याबरोबर सवय केली. न ओरडता बसायची."

मारिका कमरेवर हात ठेवून उभी. "म्हणजे सराव माझ्यावर?"

"तुला गाडी आली ना?"

"आणि ते मांडी चिमटणं? मला वाटलं, तुला संधिवात आहे, क्लॅरी! मी ड्रूला मलम आणायला सांगितलं होतं!"

"काळीनिळी झालीये मांडी," बाबा म्हणाला. "पण एक शिवी दिली का तुला? सांग."

मला हसू येत होतं आणि रडूही. मारिकाला मी 'चुकलं माझं' म्हटलं. ती म्हणाली, "चुकलंच. आठवडाभर भांडी तू घासायचीस," आणि स्वतःच मधे जाऊन बसली.

मी उजवीकडे बसले. बाबा डावीकडे. मागे पेनी. वीस टनांचा ट्रक चालवणारी बाई मी, आणि अकरा वर्षांच्या पोरीसारखी सीटच्या टोकाशी सरकले. क्लच लवकर सुटला, गाडीनं गचका खाल्ला, मागे पेनीची नखं खरवडली. बाबाचा हात मांडीवर गेला आणि तिथंच आवळला.

"सावकाश, पोरी," तो म्हणाला. आवाज जरा घोगरा होता, पण चढला नव्हता.

पहिलं फाटक आलं. मारिका कुजबुजली, "मी उतरू का? त्याला साखळी दिसायची नाही."

"डावीकडे कोण बसलंय?" मी म्हणाले.

बाबा उतरला. साखळी बोटांनी शोधायला त्याला फार वेळ लागला. मी गिअर न्यूट्रलला टेकवला, क्लचवरचा पाय काढला आणि थांबून राहिले. फाटक उघडलं. मी गाडी पलीकडे नेऊन उभी केली. आरशात तो फाटक लावत होता, खुंटी चाचपत होता. मग वळला आणि गाडीच्या दिशेनं चालत यायला लागला. तो दारापाशी पोचेपर्यंत मी आरशावरून नजर काढली नाही.

चढून बसला, दार हलकेच ओढून घेतलं.

"बघतेस काय? अजून पाच आहेत."