नायनायच्या अंगणातली सुट्टी

नीलांबरी हॉस्पिटलात नर्स, नवरा इंद्रनील दूरच्या 'ते रापा' भागातल्या डेअरी फॅक्टरीत इंजिनिअर. टाकानिनीच्या घरून तो उजाडायच्या आत गाडी काढायचा आणि परतायचा तेव्हा जेवणं होऊन गेलेली असायची. शाळा चालू असेपर्यंत सगळं कसंबसं निभत होतं. पण डिसेंबर, म्हणजे इकडच्या दक्षिण गोलार्धातला उन्हाळा आला, शाळेला सुट्टी लागली आणि सात वर्षांच्या मुलीला, ऋग्वेदाला, दिवसभर ठेवायचं कुठे, हा प्रश्न उभा राहिला. सुट्टीत मुलांना दिवसभर सांभाळणाऱ्या हॉलिडे प्रोग्रॅमच्या जागा केव्हाच भरून गेल्या होत्या.

मार्ग निघाला तो कुंपणापलीकडून. शेजारची सू-येन माउंट वेलिंग्टन उपनगरात एका ऑफिसात अकाउंटंट होती. तिचा मुलगा लिओ ऋग्वेदाच्याच वर्गात. सू-येनच्या सासूबाई चीनहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. लिओ त्यांना नायनाय म्हणायचा, म्हणजे आपल्याकडची बाबांची आई. हळूहळू सगळी गल्लीच त्यांना नायनाय म्हणायला लागली.

"ऋग्वेदाला आमच्याकडे ठेव," सू-येन म्हणाली. "फक्त एक अट आहे. दिवसभर घरात चिनीच बोलायचं."

"अगं, पण तिला चिनी कुठे येतंय? शाळेत शिकवलेलं 'नी हाओ' सोडलं तर..."

"येत नाही तेच बरं. लिओला सगळं समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये देतो. बिचाऱ्या नायनाय दिवसभर टीव्हीसमोर बसून असतात. सोबतीला कुणी असेल तर खेळता खेळता बोलेल तरी."

समजतं, पण उत्तर इंग्लिशमध्ये! हे दुखणं नीलांबरीच्या घरातही होतंच. पण तिने हो म्हटलं. तिची अडचण मोठी होती आणि शेजारीण देवासारखी धावून आली होती.

नायनाय चीनमधल्या हार्बिनच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. केस आखूड कापलेले, पायात जांडल्स म्हणजे इकडच्या रबरी चपला, गळ्यात अजूनही शिट्टी. सकाळी टाकानिनीच्या लायब्ररीत जायचं, चिनी पुस्तकांच्या कपाटातून चित्रांची पुस्तकं निवडायची, घरी येऊन ती वाचायची आणि मग त्या पुस्तकातलंच काहीतरी अंगणात खेळायचं, असा त्यांचा शिरस्ता. ससाणा आणि कोंबडीची पिल्लं वाचली की एकजण ससाणा, बाकीची पिल्लं. पिल्लं कमी पडली की नायनाय स्वतः पिल्लू व्हायच्या आणि वयाला न शोभेल असं किंचाळत पळायच्या.

पंधरवड्यातच ऋग्वेदा आंघोळ करताना चिनी गाणी म्हणायला लागली. जेवताना वरणभाताकडे बोट दाखवून भाताला चिनीत काय म्हणतात ते सांगायला लागली. इंद्रनीलला त्याचं भारी कौतुक. नीलांबरीला मात्र आत कुठेतरी टोचत होतं.

त्यात एका रविवारी पुण्याहून तिच्या आईचा, स्नेहलताबाईंचा व्हिडिओ कॉल आला. ऋग्वेदाने आजीला चिनी गाणं म्हणून दाखवलं. आजीने टाळ्या वाजवल्या आणि मराठीत विचारलं, "आणि मग आज काय काय खाल्लंस, बाळा?"

"नथिंग मच, आजी. आय हॅड हीप्स ऑफ वॉटरमेलन."

ऋग्वेदा पळून गेल्यावर आई हळूच म्हणाली, "चिनी येतंय, छानच आहे गं. पण मराठी?"

आईचा हेतू वाईट नव्हता, पण शब्द लागले. नीलांबरीने काय कमी प्रयत्न केले होते? मराठीशिवाय बोलायचं नाही असा नियम केला होता. मुलीचं प्रत्येक वाक्य दुरुस्त केलं होतं. "गेलो नाही, गेले म्हण. मुलगी आहेस ना तू?" असं करता करता मुलीने मराठी वाक्यं बोलणंच सोडून दिलं. आईने पाठवलेली मराठी गोष्टींची पुस्तकं कपाटात तशीच पडून होती. आणि इथे परक्या भाषेत पोरगी गाणी म्हणत होती! नीलांबरीला मुलीचा राग आला, नायनायचा आला आणि सगळ्यात जास्त स्वतःचा आला.

त्याच आठवड्यात हॉलिडे प्रोग्रॅममध्ये एक जागा रिकामी झाल्याचा निरोप आला. नीलांबरीने लगेच होकार कळवला. त्या दिवशी ड्यूटी संपल्यावर उद्यापासून ऋग्वेदा येणार नाही हे सांगायला ती थेट सू-येनकडे गेली.

फाटकातून आत शिरताच तिच्या कानावर भांडण आलं. अंगणात चटई पसरलेली होती. तिच्यावर नायनाय, लिओ आणि ऋग्वेदा मांडी घालून बसले होते. "बू दुई! बू दुई!" लिओ तावातावाने ओरडत होता. म्हणजे चूक, चूक! पुढे तो काय काय बोलत सुटला ते नीलांबरीला कळलं नाही, पण होतं सगळं चिनीच. ऋग्वेदाही माघार घेत नव्हती. तिच्याकडे शब्द थोडे होते, त्यामुळे तेच तेच शब्द ती आवाज चढवून परतवत होती. चुकतही असावी, कारण नायनाय मध्येच हसून तेच वाक्य नीट म्हणायच्या आणि खेळ पुढे चालू ठेवायच्या. "तू चुकलीस" असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही.

दारात सू-येन उभी होती. डोळे ओले.

"काय झालं गं?" नीलांबरी घाबरली.

"तो भांडतोय," सू-येन म्हणाली. "आमच्या भाषेत भांडतोय! आजीला सांगतोय की ऋग्वेदाने खेळात लबाडी केली. नीलांबरी, आजवर तो आजीशी धड एक वाक्य बोलला नव्हता. तुझ्या मुलीमुळे झालं हे. तुझे आभार कसे मानू तेच कळत नाही."

सांगायला आलेलं वाक्य नीलांबरीच्या ओठांवरच विरून गेलं. आभार आपण मानायचे, तर हीच मानतेय! तिला मनातून लाज वाटली आणि भरूनही आलं.

तेवढ्यात नायनायनी तिला पाहिलं. "लाय, लाय!" म्हणत हाताने जवळ बोलावलं. चटईवर गुळगुळीत खडे होते आणि तांदूळ भरून शिवलेली एक छोटी पिशवी. सू-येनने समजावलं, "तिकडे मेंढीच्या हाडांनी खेळतात. पण ती इथे विमानतळावरून आत येऊ देत नाहीत. मग समुद्रावरून खडे वेचून आणले." नायनायनी पिशवी उंच उडवली, ती खाली येईपर्यंत एक खडा उचलला आणि पिशवी झेलली.

"अगंबाई, हे तर सागरगोटे!" नीलांबरी नकळत मराठीत बोलून गेली आणि हॉस्पिटलच्या कपड्यांतच चटईवर बसली.

लहानपणी दुपार दुपार ती हेच खेळायची. पहिल्यांदा पिशवी निसटली. दुसऱ्यांदा हात बसला. आधी एकेक खडा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग सगळे एकदम! नायनाय मांडीवर थाप मारून ओरडल्या. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता, पण दोघीही हरायला तयार नव्हत्या.

ऋग्वेदा आईकडे बघतच राहिली. आईला असं खेळताना तिने कधी पाहिलंच नव्हतं. "आई, हाउ डू यू नो धिस?"

"आमच्याकडे याला सागरगोटे म्हणतात," नीलांबरी म्हणाली. ऋग्वेदाने लगेच वळून नायनायना सांगितलं, "सागरगोटे!" नायनायनी ते "सागागोते" असं म्हटलं आणि सगळे खो खो हसले.

घरी येऊन नीलांबरीने हॉलिडे प्रोग्रॅमला नको असं कळवलं. सू-येनला म्हणाली, "रविवारी लिओला आमच्याकडे पाठव. पण आमच्या घरात मराठी!"

मग रविवारी लगोरी झाली, विषामृत झालं. कपाटातली पुस्तकं बाहेर आली. नीलांबरी गोष्ट वाचायची आणि मुलं त्यातला कोल्हा नाही तर करकोचा व्हायची. लिओला मराठीतला 'ळ' काही केल्या जमेना. त्याला तो शिकवताना ऋग्वेदा मराठी वाक्यांवर वाक्यं बोलून जायची. एकदा ती धावत येऊन म्हणाली, "आई, मी जिंकलो!" नीलांबरीच्या जिभेवर 'जिंकले म्हण' असं आलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "जिंकलीस? अरे वा! कशी जिंकलीस, सांग बघू." आणि ऋग्वेदा सांगत सुटली, अर्धं मराठी, अर्धं इंग्लिश, मध्येच चिनी.

फेब्रुवारीत शाळा सुरू झाली आणि नायनायची परत जायची वेळ आली. विमानतळावर दोन्ही घरं निरोपाला गेली. नायनाय नीलांबरीचा हात धरून बराच वेळ काहीतरी बोलत होत्या. सू-येन सांगू लागली. "त्या म्हणतात, सुरुवातीला इथे घरात मी एखाद्या कपाटासारखी होते. कुणी धक्का लावत नव्हतं, कुणी बोलतही नव्हतं. ऋग्वेदाने मला पुन्हा बाई केलं, शाळेतली."

नीलांबरीला खूप काही सांगायचं होतं. तुम्ही माझी मुलगी सांभाळलीत, आणि मुलीशी बोलायचं कसं ते मला शिकवलंत. पण ते कुठल्याच भाषेत धड जमेना. तिने तिथेच, ट्रॉल्यांच्या गर्दीत, वाकून नमस्कार केला. नायनाय गोंधळल्या, तिला दंडाला धरून उठवलं आणि घट्ट मिठी मारली.

त्या दिवशी इंद्रनीलने रजा घेतली होती. घरी येताना तो म्हणाला, "पुढच्या सुट्टीत नायनाय नसतील. मग काय करायचं?"

"मी रजा टाकणार आहे," नीलांबरी म्हणाली. "थोडे दिवस मी, थोडे दिवस सू-येन. बोलणं झालंय आमचं."

मागच्या सीटवर लिओ आणि ऋग्वेदा विमानं दिसणाऱ्या खिडकीजवळ कोण बसणार यावरून भांडत होते. कुठल्या भाषेत, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. नीलांबरीने त्यांना गप्प केलं नाही.