चार नंबरच्या टाकीतला तुपाचा वास

लागर बिअर करणं म्हणजे मुख्यतः वाट बघणं, आणि वाट बघण्यात मी जन्मापासून कच्ची. तरी गेल्या वर्षी अर्जुनरावांपुढे हट्ट धरला तो लागरचाच.

अर्जुनराव आमचे मालक. चाकणचे जुने गावकरी. आजूबाजूला कंपन्या उभ्या राहिल्या तेव्हा भाऊबंदांनी गोदामं बांधून भाड्याने दिली, यांनी आपल्या गोदामात बिअरचा छोटा कारखाना काढला. तिथे बिअर बनवायचं काम माझं. निगडीहून रोज स्कूटरने येते. माझे बाबा सोसायटीत सांगतात, "आमची सुखदा अन्नप्रक्रियेत आहे," आणि मी ते खोडून काढत नाही, कारण तसं ते खोटंही नाही.

पाच-सहा वर्षं आमची गव्हाची बिअर जोरात चालली. गढूळ, गोडसर, आंब्याचा रस घातलेली. मग वारं फिरलं. वाकड-रावेतची जी मंडळी आंबा आंबा करत होती तीच म्हणायला लागली, की काहीतरी साधं, स्वच्छ, हलकं द्या, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डोकं धरून बसायला लागू नये असं. काहींना तर अल्कोहोलच नको, बिअरची चव तेवढी हवी. सगळीकडे आता तांदूळ घातलेल्या फिक्या लागरची चलती आहे. मी म्हटलं, तांदूळच घालायचा तर आपल्या मावळात काय कमी आहे? आंबेमोहोर घेऊ.

"किती दिस लागत्याल?" अर्जुनरावांनी विचारलं.

"सहा आठवडे."

"सहा? म्याडम, तेवढ्यात माजी आंब्याची दोन येळा व्हती."

त्यांनी हनुवटी खाजवली. मग म्हणाले, "चार नंबरची टाकी देतो. एकदाच. जमली तर लागर चालू ठिवू. न्हाई जमली तर परत नाव काढायचं न्हाई. आन् उन्हाळ्याच्या आदी टाकी मोकळी पायजे, आंबा भरायचाय."

मी मान डोलावली. इथेच माती खाल्ली. लागर थंडीत आंबते. आंबत आली की तिला तीन दिवस जरा उबेत ठेवायचं, म्हणजे यीस्ट स्वतःच केलेला वासांचा पसारा स्वतःच आवरतं. मग पुन्हा गार करून आठवड्यामागून आठवडे नुसतं थांबायचं. तारखा जुळेनात, म्हणून मी ते उबेचे तीन दिवस गाळले. टाकीतून रोज नमुना काढून बघत होते. बर्फासारख्या गार बिअरला कसलाही वास नव्हता. म्हटलं, मिळवलं.

पाचव्या आठवड्यात चव बघायला आम्ही तिघं बसलो. अर्जुनराव, मी, आणि विक्री सांभाळणारा स्वानंद. त्याला आधी लेबलं दाखवायची होती आणि त्याचा लॅपटॉप काही केल्या सुरू होईना. ग्लास तोवर टेबलावर तसेच. शेवटी अर्जुनरावांनी कंटाळून एक उचलला आणि त्यांचे डोळे मोठे झाले.

"आरं, ह्याला तर तुपाचा वास हाय!"

स्वानंदने हुंगलं. "वरणभातावरचं तूप, राव! आंबेमोहोर आणि तूप. लेबलवर हेच टाकू. कुणाकडे आहे असं?"

मीही हुंगलं. होता खरा, मंद, लोणकढ्या तुपाचा. आणि आता मला कान पकडून सांगायला हवं, की बिअरला लोण्या-तुपाचा वास येणं हा दोष असतो हे मला पाठ होतं. परीक्षेत लिहिलंय मी. पण आंबेमोहोर म्हटलं की त्यावर तूप हे इतकं लहानपणापासून डोक्यात बसलेलं, की मलाही ते बरोबरच वाटलं. वाटलं कसलं, मी हसले. बाटल्या सोमवारी भरायचं ठरलं.

शुक्रवारी सकाळी मी प्रयोगशाळेत आले तर यशोदाबाई कालचे ग्लास ट्रेमध्ये गोळा करत होत्या. यशोदाबाई मूळच्या अंबाजोगाईकडच्या. नवरा इथे गाड्यांचे पत्रे दाबणाऱ्या प्रेसशॉपमध्ये, आणि या आमच्याकडे दोन वर्षं ग्लास आणि भांडी धुतात. बिअरचा थेंब कधी तोंडात घातला नाही.

"ताई, एक इचारू? ह्यात तूप टाकता का तुमी?"

"नाही हो."

"मग ह्या खिडकीतल्या गिलासाला तुपाचा वास यायलाय. काल कमी होता, आता ऊन लागून लई झालाय. तूप न घालता वास यायलाय आन् वाढायलाय बी. मला तर काईतरी बिघडल्यावानी वाटतंय बगा."

मी भडकले. सोमवार तोंडावर आलेला आणि ही बाई मला बिअर शिकवणार! "यशोदाबाई, तुम्ही ग्लास धुवा. बिअरचं काय ते मी बघते!" आवाज बाहेर गोदामापर्यंत गेला असणार.

त्या ट्रे उचलून निघाल्या. पण खिडकीतला तो एक ग्लास त्यांनी नेला नाही. माझ्या टेबलावर आणून ठेवला आणि गेल्या.

मी दहा मिनिटं त्या ग्लासकडे पाठ करून बसले. मग उठले, टाकीतून दोन बाटल्या भरून घेतल्या, एक फ्रिजमध्ये आणि एक तासभर कढत पाण्यात ठेवली. गार झाल्यावर दोन्ही हुंगल्या. पहिली स्वच्छ. दुसरीचं बूच काढलं आणि तुपाचा असा भपकारा आला की मी बाटली लांब धरली. तो सगळा वास गार टाकीत लपून बसला होता. ऊब मिळाली की बाहेर येणार, म्हणजे नेमका दुकानात, गिऱ्हाइकाच्या हातात.

तडक अर्जुनरावांकडे गेले. सगळं सांगितलं.

"म्हंजी ते तूप..."

"दोष आहे. दुकानात ठेवल्यावर अजून वाढला असता."

"चूक कुनाची?"

"माझी. तीन दिवस वाचवायला गेले."

"आन् धरली कुनी?"

"यशोदाबाईंनी."

"गिलास धुती ती?" ते माझ्याकडे बघत राहिले. "आपन तिघं हुंगून बसलो की वो लेबल लावायला!"

टाकी सुधारायला अजून दहा दिवस हवेत, हे मी खाली मान घालून सांगितलं. आंब्याच्या रसाचे डबे शीतघरात येऊन पडले होते. ते उठले, बाहेर जाऊन चार नंबरच्या टाकीपुढे उभे राहिले आणि परत आले.

"आंबा थांबल. घ्या धा दिस. पन भरायच्या आदी त्या बाईला इचारायचं. मला न्हाई, तिला."

त्या माणसाचे मी किती आभार मानू? दुसरा कुणी असता तर टाकी गटारात ओतली असती आणि मागोमाग मला घालवलं असतं.

तो वासाचा पसारा आवरायला नवं, ताजं यीस्ट वाढवून टाकीत घातलं, टाकी उबेला आणली आणि या खेपेला इमानाने वाट बघितली. रोज एक बाटली कढत पाण्यात ठेवायची, गार करायची आणि यशोदाबाईंपुढे धरायची. त्या पदराला हात पुसून, डोळे मिटून हुंगायच्या. पहिल्या दिवशी म्हणाल्या, "हाय." चौथ्या दिवशी, "जरा कमी." सातव्या दिवशी, "आसंल नसंल." नवव्या दिवशी इतका वेळ हुंगत राहिल्या की मला धीर निघेना.

"काईच न्हाई, ताई. नुसता भाताच्या पेजंवानी वाटतोय."

काहीच नाही! लागरला याहून मोठी शाबासकी नसते. माझा जीव भांड्यात पडला आणि मी तिथेच खुर्चीत बसून घेतलं.

बाटल्या भरल्या, वाकडला गेल्या, आणि पंधरा दिवसांत दुकानदारांचे आणखी माल मागायला फोन आले. अर्जुनरावांनी फळ्यावर तीन नंबरच्या टाकीपुढेही "लागर" असं लिहिलं. त्या दुपारी मी यशोदाबाईंना चहाला बसवलं आणि मनातलं विचारलं.

"मी एवढी ओरडले तुमच्यावर. तरी तो ग्लास का ठेवलात?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "आदी मी लोणच्याच्या कारखान्यात होते. एक पिंप बुरसलं व्हतं. सायबाला सांगितलं. ते वरडले न्हाईत, लई गोड बोलले. थँक्यू म्हनले. पिंप तसंच भरलं, आन् म्हैना भरल्यावर मला म्हनले, उद्यापासून येऊ नका." त्यांनी घोट घेतला. "तुमी वरडलात, पन वरडताना तुमची नजर गिलासावरच व्हती. मला वाटलं, ही बाई बगंल."

एकदा नोकरी गेलेली, तरी पुन्हा बोलल्या. माझ्यासाठी. थँक्यू तर आता तोंडातून निघणं शक्य नव्हतं.

"यशोदाबाई, उद्यापासून ग्लास धुवायचे नाहीत तुम्ही," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा खाडकन उतरला. बशी हातात तशीच राहिली.

"अहो, काढत नाहीये! माझ्या शेजारी बसायचं, टेबलाला. प्रत्येक टाकी आधी तुम्ही हुंगायची, मग मी. पगारही त्याच कामाचा. उपकार आहेत तुमचे माझ्यावर, कळतंय का?"

मला रडू येत होतं, आणि हेसुद्धा मी ओरडूनच बोलले.