सामानाच्या लिफ्टने

तिने बुटाच्या टोकाने कचऱ्याची पिशवी कोपऱ्यात सारली, तशी ती फुटली आणि आतलं पिवळट पाणी पत्र्यावरून सावकाश तिच्याकडे यायला लागलं. तिने एक पाय उचलला. दुसरा कुठे ठेवावा ते कळेना, कारण उरलेली जागा डायपरनी गच्च भरलेल्या डब्याने अडवली होती आणि त्याचं झाकण लागत नव्हतं. सामानाची लिफ्ट प्रत्येक मजल्यावर उगाचच थांबत होती. दार उघडायचं, समोर कुणीच नसायचं, फक्त आणखी कुणाच्या तरी शिळ्या अन्नाचा भपका आत यायचा. सव्विसावा मजला येईपर्यंत तिने तोंडाने श्वास घेतला.

गंमत अशी की ही बाई घाणीला भिणारी नव्हती. शहराबाहेर, जिथे सगळ्या शहराचं सांडपाणी येऊन पडतं, त्या शुद्धीकरण केंद्रात ती इंजिनिअर होती. मैल्याच्या टाक्यांवरच्या पुलावर उभं राहून तिने वर्षानुवर्षं डबे खाल्ले होते. तिथे कधी ओकारी आली नाही. तिथे घाणीला घाण म्हणतात आणि कामाला लागतात. इथे मात्र खालच्या दालनात भिंतीतून अत्तराचे फवारे सुटत. माणसं धुतल्या तांदळासारखी तोंडं करून एकमेकांना गुड मॉर्निंग म्हणत, आणि त्याच माणसांचा कुजका पसारा मागच्या दाराने तिच्यासोबत वरखाली करी. नाकाने कांदे सोलणाऱ्या या लोकांची तिला मनापासून शिसारी आली होती.

नवऱ्याने दार उघडलं आणि दाराबरोबरच स्वतःही मागे सरकला.

"आंघोळ?"

"प्लांटवर केलीय."

"परत कर ना. आज पुन्हा कुणीतरी बोललं मला."

"कोण?"

"नावं कशाला हवीत? लोक बोलतात. म्हणे, ती परवा पुढच्या लिफ्टने आली होती का, वास राहिलाय."

"परवा मी याच मागच्या लिफ्टने आले."

"मग बघ, तरीही," तो म्हणाला, आणि न्हाणीघराचा दिवा त्यानेच लावून दिला.

या मनोऱ्यात राहायला यायची हौस त्याची. त्याचं ऑफिस दोन चौक पलीकडे होतं. कंपन्यांच्या कचेऱ्या सजवून देणाऱ्या फर्ममध्ये तो मोठ्या हुद्द्यावर होता आणि घरी बोलावण्यासारखं घर असावं, असं त्याला फार दिवस वाटत होतं. भाडं म्हणजे नाकापेक्षा मोती जड, पण तिने मान डोलावली. आधीच्या घरातून ती चालत कामावर जायची. आता रोज सकाळी, सगळी दुनिया शहरात घुसत असताना ही एकटी उलट दिशेला निघे. रिकाम्या बसमध्ये आदल्या रात्रीच्या प्रवाशांचं च्युइंगम सीटखाली चिकटलेलं असे आणि खिडकीवर कुणाच्या तरी डोक्याच्या तेलाचा डाग. समोरून येणाऱ्या भरलेल्या बसमधली माणसं तिच्याकडे बघत. चुकली असेल बिचारी, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं असे.

राहायला आल्यावर काही दिवसांतच शेजाऱ्यांच्या तक्रारी सुरू झाल्या. म्हणजे नवरा सांगे की सुरू झाल्यात. 'वाद कशाला, काही दिवस मागच्या लिफ्टने ये,' असं तोच म्हणाला होता. त्याला खाली मान घालावी लागू नये म्हणून ती मागच्या लिफ्टने यायला लागली. दोनदा अंग घासून कोपरांची सालं निघाली, तरी तक्रारी थांबेनात.

आता प्लांटचे मुख्य निवृत्त होत होते आणि त्यांच्या खुर्चीवर तिने बसावं, असं त्यांनीच सुचवलं होतं. उत्तर शुक्रवारी द्यायचं होतं. नवऱ्याने तेवढ्यात कुणाच्या तरी ओळखीने खात्याच्या मुख्य कचेरीत तिच्यासाठी टेबल शोधलं होतं. मनोऱ्यापासून पाच मिनिटांवर. कागद, पंखा, चहा. "निदान माणसांत तरी येशील," तो म्हणाला होता. त्या रात्री साबण लावता लावता तिने ठरवूनच टाकलं. जाऊ दे. टेबल तर टेबल. आपल्यामुळे त्याची रोज शोभा होते आहे.

गुरुवारी सकाळी ती प्लांटच्या फाटकातून आत शिरली, तशी प्रयोगशाळेतली बाई तिच्यासमोर आडवी आली. तिला सगळे कस्टमवाली म्हणत. प्लांटवरची एक रीतच होती. दिवसभर त्या वासात राहिलं की स्वतःचं नाक मरतं, आपल्याला वास येतो की नाही हे आपलं आपल्याला कळत नाही. म्हणून आंघोळ करून घरी जाणारा प्रत्येक जण कस्टमवालीसमोर मान वाकवी. ती केसांशी, कॉलरशी नाक नेई. तिच्या नाकपुड्या हलत, डोळे क्षणभर कुठेच बघत नसत, मग ती म्हणे, 'जा.' नाहीतर, 'परत साबण लाव, बायको घरात घेणार नाही.' तिचा निकाल मुख्य साहेबांनाही मान्य करावा लागे.

"हे काय ताई, येताना वास?" कस्टमवालीने जवळ येऊन हुंगलं आणि तोंड वेडंवाकडं केलं. "शी! हा आपला नव्हे."

"मग कुणाचा?"

"आंबलेलं काहीतरी. डायपर. काय उकिरड्यावर झोपलात की काय?"

दोघी हसल्या. पण हसता हसता तिला हुंदकाच येईल असं वाटलं, म्हणून ती पटकन पंपांकडे निघून गेली.

संध्याकाळी कस्टमवालीने तिला दोनदा हुंगून सोडलं. ती परतली तेव्हा सामानाच्या लिफ्टवर 'बंद' अशी पाटी लटकत होती. जिने चढावेत असा विचार करत ती पुढच्या दालनात आली. तिच्याच मजल्यावरची, कुत्रा बाळगणारी बाई लिफ्टचं दार धरून उभी होती.

"या ना, या!"

"नको, मी जिन्याने—"

"सव्वीस मजले? अहो, डोळे मिटा आणि माझा हात धरा. होतं तसं काहीकाहींना. माझ्या जावेलासुद्धा आरसे असलेल्या लिफ्टमध्ये गुदमरतं."

बाईने तिला आत ओढलंच. दार बंद झालं. चारही बाजूंच्या आरशांत ती आणि बाई आणि कुत्रा, कुठेही बघा. कुत्र्याच्या ओल्या केसांचा वास येत होता.

"मला गुदमरतं, असं कोण म्हणालं?"

"तुमचे मिस्टर. मी विचारलं ना, की तुम्ही दिसत का नाही कधी. ते म्हणाले, बंद लिफ्टची धास्ती आहे, मागची लिफ्ट मोठी, म्हणून त्या लिफ्टने येते. आणि पाणी खात्याच्या मुख्य कचेरीत असता ना तुम्ही? त्यांनी सांगितलं."

तिने विचारलं, "माझा वास येतो का हो तुम्हाला?"

"कसला वास?" बाई बुचकळ्यात पडली. पण विचारलंय तर बघू, म्हणून ती वाकली आणि तिने हिच्या खांद्यापाशी खरोखर हुंगलं. नाकपुड्या हलल्या. "साबणाचा. का हो? कुणी काही बोललं का?"

नवरा सोफ्याच्या उशा सारख्या करत होता. तिने पिशवी खाली ठेवली, केस दोन्ही हातांनी वर धरले आणि त्याच्यापुढे मान वाकवली.

"बघ. येतोय का?"

तो दोन पावलं पुढे आला. वाकला. तिने मान न उचलता डोळे तिरपे करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं. ओठ घट्ट मिटलेले, छाती दगडासारखी स्थिर, पाण्यात बुडी मारणाऱ्यासारखी.

"येतोय," तो मागे होत म्हणाला. "थोडासा. मानेपाशी."

"तू श्वास घेतलाच नाहीस."

"घेतला की."

"परत घे."

तो हलला नाही.

"मी आरशांना घाबरते, हे मला आज लिफ्टमध्ये कळलं," ती म्हणाली.

त्याने एक उशी उचलली, परत होती तिथेच ठेवली. "मग काय सांगू लोकांना? माझी बायको गटारात काम करते म्हणून?"

"हो."

"तुला काय जातंय हो म्हणायला! इथे मला राहायचंय."

प्लांटवरच्या इतक्या वर्षांत जी कधी आली नव्हती, ती किळस आता तिच्या घशाशी आली, आणि ती कशाची हे तिला अगदी स्वच्छ कळत होतं. डायपरच्या डब्याची नव्हती ती. आपण रोज रात्री अंगाची सालं काढत असताना हा माणूस बाहेर पेपर वाचत बसायचा, आणि त्याला सगळं ठाऊक होतं.

तिने फोन काढून प्लांटच्या मुख्यांना लावला.

"साहेब, उद्याची वाट बघू नका. मी घेते प्लांट. हो, विचार केलाय. हो, घरी सांगितलंय. समोरच आहेत."

तिने फोन ठेवला. नवऱ्याचा चेहरा उतरला होता. मग सवयीने, जवळजवळ मायेनेच, म्हणाला, "आधी आंघोळ करून ये. मग शांतपणे बोलू."

ती बाहेरच्या कपड्यांवरच त्या पांढऱ्या सोफ्यावर बसली, एका बाजूला सरकली आणि शेजारची जागा हाताने साफ केली.

"आताच बोलू. ये, बस."

तो उभाच राहिला.